बीटीबी आणि डोमकळी

मी कपाशीचं बियाणं बनवत नाही. कधी बनवलं नाही, कसं बनवतात ते मला माहीत नाही, आणि तरी माझ्या फोटोखाली ते विकलं गेलं. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगायला तोंड उघडलं की आवाज आपोआप चढतो. चढू दे.

आमचं गाव सोनाळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून मी शिकत शिकत पुण्याला गेले आणि एका प्रयोगशाळेत माणसाच्या एका प्रथिनाला चिकटले. आपल्या पेशीत कोणतं जनुक चालू ठेवायचं, कोणतं बंद, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माझं प्रथिन बंद करणाऱ्यांपैकी. ते एका टोकानं डीएनए धरतं आणि दुसऱ्या टोकानं दुसऱ्या प्रथिनांना पकडतं. हे जे पकडणारं टोक, जेमतेम सव्वाशे अमिनो आम्लांचा तुकडा, त्याला बीटीबी डोमेन म्हणतात. त्या तुकड्याचा आकार शोधून काढायचा, एवढंच माझं काम. पुण्यात बाहेर मे महिना तापत असायचा आणि मी स्वेटर घालून थंड खोलीत ते प्रथिन गाळत बसायची. मग त्याचे स्फटिक व्हावेत म्हणून थेंबाथेंबाची आराधना. पहिला स्फटिक दिसला तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले. तो मिठाचा निघाला.

पुढं खरा स्फटिक आला, त्यावर क्ष-किरण टाकले, नकाशा मिळाला, आणि त्या नकाशात एकेक अमिनो आम्ल बसवत शेवटी आकार हातात आला. तुम्हाला खरं सांगते, मला माझ्या घरचा नकाशा इतका पाठ नव्हता.

आता बीटीबी ही तीन अक्षरं फळमाशीच्या तीन जनुकांच्या नावांवरून पडली आहेत. कपाशीतलं बीटी म्हणजे मातीतला एक जंतू. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण आमच्या तालुक्यात 'बी' आणि 'टी' ही अक्षरं कोणी एकापाठोपाठ उच्चारली की लोक कपाशीच ऐकतात. त्यांनी दुसरं काय ऐकावं? दरवर्षी तेच तर ऐकत आले होते. बीटी आलं, मग त्याच्या पुढचं बीटी आलं. आधी फवारणी नको म्हणाले, मग फवारणी करा म्हणाले. जी अळी मरणार होती ती मरेनाशी झाली आणि तरी थैलीवर बीटीच छापलेलं.

आकार सापडल्याची बातमी गावात पोचली आणि शाळेनं सत्कार ठेवला. मी उन्हाळ्यात घरी आले होते. आईनं स्वतःची पैठणी मला नेसवली. अंगाची नुसती लाहीलाही होत होती.

त्या सत्काराला आमची खाला आली होती. खाला म्हणजे मावशी, आमच्या शेजारची. मुसलमानाचं घर, पण मधली भिंत नावाचीच. लहानपणी आईनंतर मला कोणी धपाटे घातले असतील तर तिनं. नवरा अकोल्याकडं गवंडीकाम करायचा, ईदेला यायचा. चार एकर शेत ती एकटी बघायची आणि गावातल्या भल्याभल्यांपेक्षा चांगलं बघायची. तिनं त्या वर्षी कपाशी लावायची नाही असं ठरवलं होतं. आदल्या वर्षी तिच्या सगळ्या वावरात डोमकळी झाली होती. गुलाबी अळी कपाशीच्या फुलात शिरते आणि पाकळ्या आतून बांधून टाकते. फूल उमलतच नाही, मिटल्या मिटल्या राहतं. त्या मिटलेल्या फुलाला आमच्याकडं डोमकळी म्हणतात. खाला आईला म्हणाली होती, "तौबा बाई. औंदा तूर पेरतो, मूग पेरतो, पन कपाशी नाही." घरचं तुरीचं बी तिनं राख लावून कोठीत ठेवलंही होतं.

आणि मी शाळेत भाषण ठोकलं. कोणत्या भाषेत? तर पुण्याच्या. त्याला कारण आहे. पुण्यात पहिल्या वर्षी मी "मले" म्हटलं की पोरं खुदखुदायची. "का"ऐवजी "काऊन" म्हटलं की कोणीतरी मुद्दाम पुन्हा म्हणायला लावायचं. मी ती बोली जिभेवरून घासून काढली, भांड्याची करप काढावी तशी. आणि मग ज्या गावात ती चालते तिथंच येऊन "संरचना", "परस्परक्रिया", "प्रथिन-बंधक डोमेन" असं बोलत उभी राहिले. डोमेन, डोमेन, डोमेन. किती वेळा म्हटलं कोणास ठाऊक. समोर सतरंजीवर माणसं घामेजून बसलेली, कोणी टोपीनं वारा घेत होतं.

भाषण संपलं तसं मागून एकानं विचारलं, "मॅडम, बीटीबी म्हंजे बीटीच्या पुढलं का?"

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात भिंतीला टेकून उभी असलेली खाला म्हणाली, "आन हे डोमन डोमन काय म्हनून राह्यली व तू? डोमकळीचंच ना?"

तिनं साधा, सरळ प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागली असती. पण मला भूक लागली होती, पैठणी टोचत होती, आणि शाल-श्रीफळाची हवा डोक्यात गेली होती. शिवाय आमच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करायची त्यांनी, एक गोष्ट चांगली शिकवली होती: लोकांना फार खोलात नेऊ नये, त्यांना जे समजेल ते समजू द्यावं. मी माइकमध्ये म्हटलं, "हो, तसंच समजा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! टाळ्या पडल्या. पोरं मोबाइलवर चित्रण करत होती. मी बसले आणि चिवडा खाल्ला.

मृग लागला तेव्हा मी पुण्यात होते. आईचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "तुया फोटो लागला एस्टी ष्ट्यांडावर! केवढा मोठा!" मी म्हटलं कसला फोटो, तर तिनं कोणाकडून तरी तो पाठवला. बघून माझ्या पायाखालची जमीन सरकली. सत्काराचा फोटो, मी पैठणीत. बाजूला टपोरं फुटलेलं बोंड. खाली लिहिलेलं, 'डोमकळीचा कर्दनकाळ, बीटीबी! आपल्याच लेकीचा शोध. बुलढाणा जिल्ह्याची शान.' आणि कृषी केंद्राच्या मालकाचा हात जोडलेला फोटो. त्याच्यापुढची थैली साधी, वर कंपनीचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. असल्या थैल्या कुठून येतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणालाच माहीत नसतं.

मी त्या दुकानदाराला फोन लावला आणि फाडफाड बोलले. तो ऐकून घेत होता, मध्ये मध्ये "हाव ताई, बरोबर ताई" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "काढतो ना ताई. तसं बी एक वावधन आलं का फाटूनच जाते ते." आणि मी फोन ठेवला. बस्स. एवढ्यावर गप्प बसले. माझा शोधनिबंध जायचा होता, आकृत्या नीट व्हायच्या होत्या, एका रेषेची जाडी दोन दिवस ठरत नव्हती. त्या रेषेच्या जाडीपायी मी गावाकडं दुसरा फोन केला नाही. याचा राग कोणावर काढू? दुकानदार चोर तो चोर, वर शिरजोर. पण मी तर शिकलेली होते ना?

दुसरा फोन आईनंच केला. बोलता बोलता म्हणाली, "खालानं बी तुयंच बियाणं टोबलं. चारी एकरात. म्हने पोरीनं सांगतलं त मंग काऊन भ्याचं."

"आई, ते माझं नाही! मी कपाशीवर काम करतच नाही!" मी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात ओरडले. लोक वळून पाहायला लागले.

आई म्हणाली, "पन तू त हो म्हटलं होतं शाळेत."

"तिला सांग."

"आता काय सांगू? उगवून आली कपाशी. आता सांगून तिचा जीव जाळू का? येईन चांगलीच, काय ठाऊक."

आणि मी, शास्त्रज्ञ बाई, पुरावा पुरावा करणारी, मीही म्हटलं, येईल कदाचित चांगली. आम्ही दोघींनी खालाला काही सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत मी ही गोष्ट सरांना सांगितली, काय करू म्हणून. ते आधी पोट धरून हसले. मग चार दिवसांनी बाहेरचे पाहुणे आले तेव्हा त्यांनी चहाच्या वेळी तीच गोष्ट रंगवून सांगितली, 'डोमन' हा शब्द आमच्या बोलीत म्हणून दाखवत. पाहुणेही हसले. मी पण तिथं कप धरून उभी होते. आज आठवलं की वाटतं तो कप आपटायला हवा होता. तेव्हा आपटला नाही.

गणपती गेले आणि आईचा फोन आला. डोमकळी. आधी बांधाकडच्या ओळीत, मग मधोमध, मग सगळीकडं. बोंडं हिरवीगार, वरून देखणी, फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. खालानं कृषी खात्याकडं तक्रार दिली होती. नुसती पोटाची गोष्ट नव्हती. गावातल्या बायका तिला विचारून पेरत. तिनं टोबलं म्हणून आणखी तिघींनी तेच बियाणं नेलं होतं. बियाणं बोगस होतं असं साहेबांनी लिहून दिलं तर काही भरपाई मिळणार होती, आणि त्याहून मोठं म्हणजे गावात तिचा शब्द राहणार होता.

मी सरांना रजा मागितली. ते आता हसत नव्हते. म्हणाले, "तू जा, पण लेखी काही देऊ नकोस. संस्थेचं नाव उगाच त्या घोळात नको." मी म्हटलं, "घोळ माझा आहे, सर." आणि रात्रीच्या गाडीनं निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीला साहेब आले. दोघं होते. एक मोठे, एक लिहिणारे. दुकानदारही आला, पांढराशुभ्र शर्ट घालून, जणू लग्नाला. खाला बांधावर उभी होती. माझ्याकडं बघून तिचा चेहरा उजळला. मी आले म्हणजे आता सगळं नीट होणार असं तिला वाटलं असावं. मला तिच्याकडं नीट बघवेना.

साहेबांनी दहा-पंधरा बोंडं फोडली. अळ्या दिसल्या. पावती मागितली. खालाकडं पावती नव्हती, दुकानदारानं दिलीच नव्हती. रिकामी थैली तिनं जपून ठेवली होती, ती दिली. तिच्यावर बीटीबी सोडून काही नव्हतं.

"मी कायले म्हनू साहेब," दुकानदार बोलला, "मी त अडानी मानूस. मॅडमच म्हनल्या." आणि त्यानं मोबाइल काढून शाळेतलं चित्रण लावलं. त्या मेलेल्या वावरात माझाच आवाज घुमला, गोड, पुणेरी: हो, तसंच समजा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कागद द्या. तिथंच जीपच्या बॉनेटवर लिहून दिलं, की माझ्या संशोधनाचा कपाशीशी काहीही संबंध नाही. ते माणसाच्या शरीरातल्या प्रथिनाबद्दल आहे. शाळेत मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. माझा फोटो मला न विचारता वापरला. खाली सही केली, संस्थेच्या नावासकट. मला वाटलं, झालं. खरं बोललं की प्रश्न सुटतो असं मला वाटत होतं. किती भाबडी मी!

मोठ्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "मॅडम, याच्यानं उलटं झालं. पावती नाही, थैलीवर कोणाचं नाव नाही. राहिली होती जाहिरात. आता तुम्ही म्हणता चूक सांगितलं ते तुम्ही. मग दुकानदारानं काय केलं? तुमचंच म्हणणं छापलं."

"पण त्याला माहीत होतं ते खोटं आहे!"

"हे कसं दाखवायचं?"

दुकानदार खाली मान घालून उभा होता, पण मला त्याच्या मिशीखालचं हसू दिसलं. लिहिणाऱ्या साहेबांनी पंचनाम्यात ओळ घातली: बियाण्याची निवड शेतकऱ्याने स्वतःच्या माहितीवरून केली. खालाला ती वाचून दाखवली. तिनं विचारलं, "म्हंजे?" साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हीच पसंत केलं, बाई." जीप निघून गेली. दुकानदार तिच्यातच बसून गेला.

त्या साहेबांवर, त्या शर्टवर, सरांच्या चहाच्या कपावर, सगळ्यावर माझा जळफळाट चालला होता. मी मोठमोठ्यानं बोलत होते, वर्तमानपत्रात देते, कोर्टात जाते, सोडणार नाही. आई म्हणत होती, हळू बोल. खाला बांधावर बसली, मला समोर बसायला सांगितलं आणि म्हणाली, "आता खरं सांग. काय करतं तू तथी? काय हाय ते डोमन?"

मी सांगायला लागले आणि कधी नव्हे ते माझी जीभ आपोआप घरच्या बोलीवर आली. म्हटलं, "खाला, हात दे. फुगडीले धरतो तसा. आडवा." तिनं हात आडवे दिले. तिचे हात खरखरीत, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेले. "ही तू एक, ही मी एक. दोघी सारख्याच. पन नुसती तू उभी राह्यली त काही होत नाही, नुसती मी राह्यली त नाही. तुया हात माह्या आंगनात, माह्या हात तुया आंगनात, असं गुतलं तव्हाच ते प्रथिन उभं राह्यते. आता पाह्य, आपल्या मनगटाच्या मधी खाच पडली का नाही?"

"पडली."

आईला म्हटलं, पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडाची, एक काडी या खाचीत ठेव. आईनं वाळकी काडी ठेवली. ती बरोबर बसली. "ही काडी म्हंजे तिसरं प्रथिन. ते इथं येऊन बसलं का जनुक बंद. काही लोकाइच्या आंगात हे लय बनते, मंग जे बंद नाही व्हाले पायजे ते बंद होते. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशीचा कॅन्सर होते."

खालानं काडीकडं पाहिलं. "मंग तुमी काडीच्या जागी दुसरं काही घुसोवत असान. औषध. म्हंजे इले जागाच भेटली नाही पायजे."

मी तिच्याकडं बघतच राहिले. हेच वाक्य मी माझ्या शोधनिबंधाच्या शेवटी लिहिलं होतं, चौदा ओळींत. "हाव," मी म्हटलं.

"मानसाच्या आंगातलं हाय. कपाशीचं नाही."

"नाही."

तिनं हात सोडले. काडी खाली पडली. ती रागानं बोलली नाही, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "एवढंच व्हतं त. मंग मी इचारलं तव्हा काऊन नाही सांगतलं?"

मी म्हणाले, घाई होती, गर्मी होती. ते ऐकताना माझं मलाच खोटं वाटलं.

"घाई नव्हती," ती म्हणाली. "तुले वाटलं, इले काय समजते. हाय ना?"

मी "हाव" म्हटलं.

खालानं मान हलवली. पदर कमरेला खोचला, उठली आणि पहिल्या ओळीपासून पऱ्हाटी उपटायला लागली. झाडं ओली होती, मुळं सहज निघत नव्हती. मी तिच्या बाजूच्या ओळीला हात घातला, तर तिनं न वळता म्हटलं, "राहू दे. तू घरी जाय."